माळ्यावरच्या कॅसेटमधून स्पेक्ट्रमचे प्रोग्राम कसे काढायचे

लेबलवर शाळकरी अक्षरात ‘गेम्स 2’ लिहिलेलं आणि वाजवली तर नुसती शिट्टी आणि खरखर. अशी कॅसेट खराब समजून टाकू नका. ती झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाची असू शकते, त्याचे प्रोग्राम आवाजाच्या रूपात कॅसेटवर साठवत. तो 1982 साली ब्रिटनमध्ये आला. भारतात 1986 पासून त्याचीच आवृत्ती, डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सचा ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’, मिळत होती. बाजारात विकले गेलेले खेळ आज इंटरनेटवर सापडतात, पण घरी बसून बेसिक या संगणकभाषेत टाइप केलेला प्रोग्राम फक्त त्या एका फितीवर असतो.

आधी कॅसेट कोणत्या मशीनची आहे ते कानाने ओळखा. स्पेक्ट्रमची असेल तर सुमारे 5 सेकंद एकसुरी शिट्टी, मग निमिषभर ‘खर्र’, सेकंदभर शांतता, पुन्हा 2 सेकंद शिट्टी आणि त्यानंतर लांबलचक खरखर. पहिला तुकडा हेडरचा (त्यात प्रोग्रामचं 10 अक्षरांपर्यंतचं नाव असतं), दुसरा खऱ्या मजकुराचा. शिट्टी बरीच बारीक आणि खरखर छोट्या छोट्या तुकड्यांत येत असेल तर ती बहुधा बीबीसी मायक्रो या दुसऱ्या संगणकाची. क्लास या सरकारी संगणक-शिक्षण प्रकल्पातून 1984-85 पासून आपल्या शाळांत आलेलं मशीन ते. त्याची पद्धत वेगळी, इथलं सॉफ्टवेअर तिला चालणार नाही.

कॅसेट डेकमध्ये (कॅसेट वाजवायच्या यंत्रात) घालण्याआधी तिच्या पाठीच्या कडेवरचे प्लास्टिकचे दोन्ही टवके मोडा. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर सगळं तिथेच संपेल. मग खिडकीतून फीत बघा. कडेला पांढरी बुरशी दिसली (कोकण-गोव्यात हमखास दिसते) तर ती कॅसेट चांगल्या डेकमध्ये अजिबात घालू नका, बुरशी हेडवरून (फीत वाचणाऱ्या भागावरून) पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. फितीमागची छोटी स्पंजची किंवा नमद्याची गादीही तपासा. तिचा गोंद इतक्या वर्षांत सुटतो, मग फीत हेडला नीट टेकत नाही आणि आवाज क्षीण येतो. स्क्रूवाली दुसरी कॅसेट उघडून फीत तिच्यात हलवली की काम होतं. स्क्रू नसलेली, चिकटवलेली कॅसेट कडेने पातळ पात्याने उघडावी लागते, आणि ती पुन्हा बंद होत नाही.

वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या. चिकटलेले वेढे सुटतात. फीत अडत असेल तर मोटरवर जोर टाकू नका, पेन्सिल घालून हाताने फिरवा.

डेक शक्यतो चांगल्या पट्ट्याचा, विजेवर चालणारा घ्या. वॉकमनचा वेग डळमळतो. हेड आणि कॅपस्टन (फीत ओढणारा बारीक दांडा) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. डोल्बी (डेकमधली खरखर कमी करणारी सोय) बंद. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हेडचा कोन. हेडशेजारी स्प्रिंगवर बसलेला एक बारीक स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून तो अगदी थोडा, एका वेळी वेढ्याचा आठवा भाग, फिरवा आणि खरखर सर्वांत तीक्ष्ण ऐकू येईल तिथे थांबा. जुनं रेकॉर्डिंग ज्या टेपरेकॉर्डरवर झालं त्याचा कोन तुमच्या डेकपेक्षा वेगळा असतो, त्यामुळे हे प्रत्येक कॅसेटला नव्याने करावं लागतं. ‘लोड होत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेकदा इथेच सापडतं.

डेकच्या लाइन आउटमधून संगणकाच्या लाइन इनला वायर लावा. ऑडासिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 44,100 हर्ट्झ, 16 बिट ठेवा. डेक स्टिरिओ असेल तर दोन्ही बाजू रेकॉर्ड करा, पण त्या मिसळू नका. हेड किंचित तिरकं असेल तर एकीचे बारीक सूर दुसरीला मारतात. जी स्वच्छ दिसेल ती एकच ठेवा. पातळी उणे 6 डेसिबलच्या आसपास पुरे. थोडं क्लिप झालं, म्हणजे लाटेची टोकं कापली गेली, तरी घाबरू नका, कारण स्पेक्ट्रम लाटेची उंची मोजत नाही, रुंदी मोजतो. म्हणूनच खरखर कमी करणारे फिल्टर लावायचे नाहीत, त्यांनी लाटेच्या कडा सरकतात. फाइल वेव्ह ठेवा, एमपी3 नको.

आता ऑडासिटीत खूप झूम करा. शिट्टीची एक पूर्ण लाट साधारण 55 सॅम्पलची (आवाजाच्या एकेका नोंदीला सॅम्पल म्हणतात) दिसेल. पुढे दोनच रुंदीच्या लाटा असतील: सुमारे 21-22 सॅम्पलची लाट म्हणजे शून्य, 43 ची म्हणजे एक. सगळ्याच थोड्या रुंद किंवा अरुंद आल्या तर काळजी नाही, फीत हळू किंवा जलद फिरतेय इतकंच. एखादी लाट दबून नाहीशी झालीय का ते शोधा. तिथे फितीवरचा लेप उडालेला असतो.

वेव्हची टॅप फाइल (स्पेक्ट्रमच्या प्रोग्रामची संगणकावरची फाइल) करायला फ्यूज-युटिल्स या सॉफ्टवेअर-संचातलं ऑडिओ2टेप वापरा. घरच्या प्रोग्रामला टॅप पुरते. वेगळ्या वेगाने लोड होणाऱ्या विकतच्या खेळांना टीझेडएक्स ही दुसऱ्या प्रकारची फाइल लागते. प्रत्येक ब्लॉकच्या (हेडर किंवा मजकुराच्या तुकड्याच्या) शेवटी एक तपासणी बाइट असते, त्यामुळे एक बिट चुकला तरी ‘टेप लोडिंग एरर’ येऊन अख्खा ब्लॉक नाकारला जातो. अशा वेळी स्क्रू जरासा हलवून तीच कॅसेट तीन-चारदा रेकॉर्ड करा. दर खेपेला चूक त्याच जागी नसते, तेव्हा एका रेकॉर्डिंगमधला चांगला तुकडा दुसऱ्यात जोडता येतो. जोड लाट शून्य रेषा ओलांडते तिथेच द्या.

टॅप तयार झाली की फ्यूज एम्युलेटरमध्ये (आजच्या संगणकावर स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडा. लोडऐवजी मर्ज ही आज्ञा वापरा, म्हणजे प्रोग्राम आपोआप सुरू न होता त्याच्या ओळींची यादी हाती येते. मर्ज टाइप करायला शिफ्ट आणि कंट्रोल एकत्र दाबून एक्स्टेंडेड मोड, मग कंट्रोल धरून टी. पुढे दोन अवतरणचिन्हं आणि एंटर.

दुरुस्त केलेल्या प्रोग्रामची एक फसवी खोड आहे. स्पेक्ट्रम बेसिकमध्ये ओळीतल्या प्रत्येक आकड्यामागे त्याचीच 5 बाइटची लपलेली प्रत असते, आणि प्रोग्राम चालताना मशीन ती वाचतं, दिसणारे अंक नाही. प्रत बिघडली असेल तर यादीत 10 दिसेल आणि लूप भलतीकडेच धावेल. अशी ओळ शंकास्पद वाटली की एडिट या आज्ञेने पडद्याच्या खाली आणा आणि काहीही न बदलता एंटर दाबा. प्रत नव्याने तयार होते.