ऑनर कमिटीचा ई-मेल आलाय? सुनावणीआधीची तयारी

अमेरिकेत शिकायला गेलेल्या आपल्या पोरांना ‘कॉपी’ म्हटलं की भरारी पथक, खिशातली चिठ्ठी आणि परीक्षा विभागातली चौकशी आठवते. ऑनर कमिटी म्हणजे कॉपीसारख्या आरोपांची सुनावणी घेणारी विद्यार्थ्यांचीच समिती. तिचा ई-मेल वाचताना ते चित्र आधी बाजूला ठेवा. व्हर्जिनिया विद्यापीठात १८४२ पासून परीक्षार्थी स्वतःच पेपरवर लिहून देऊ लागले की मी कुणाची मदत घेतलेली नाही. पुढे तपास आणि सुनावणीही विद्यार्थ्यांच्याच हाती गेली. प्रिन्स्टनने १८९३ मध्ये पर्यवेक्षकाविना परीक्षा सुरू केल्या. त्यामुळे चिठ्ठी सापडली की नाही एवढ्यावर हे थांबत नाही. तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायचा का, हे तुमच्याच वयाची मुलं ठरवतात. पुढची उदाहरणं व्हर्जिनियाची आहेत. तुमच्या विद्यापीठाची नियमावली मुळातून वाचा, सिनियरने सांगितलेली नको.

ई-मेलमध्ये नेमका आरोप काय, कुठल्या पेपरचा आणि उत्तराची मुदत कधी, हे कागदावर लिहून काढा. मिळाल्याची पोच द्या, खुलासा मात्र त्याच रात्री पाठवू नका. आपल्याला सवय असते ‘काही चुकलं असल्यास माफ करा, सर’ असं लिहायची. आपल्याकडे तो नम्रपणा. तिथे कबुली म्हणून वाचला जाऊ शकतो. प्राध्यापकांच्या ऑफिसात जाऊन गयावया करणं किंवा ओळखीच्या कुणाला मध्ये घालणंही नको.

फोनला हात लावायचा नाही, म्हणजे चॅट डिलीट करायचे नाहीत. पुसलेला ग्रुप निर्दोष माणसालाही संशयित करतो. ज्याचं नाव तुमच्याबरोबर आलंय त्याच्याशी ‘काय सांगायचं’ हे ठरवू नका आणि तक्रार कुणी केली ते शोधत फिरू नका. सुनावणीत खोटं बोलणं हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो, मूळ आरोपातून सुटलात तरीही.

मग कागद. परीक्षेच्या सूचना, सिलॅबस, कुठली साधनं चालतील याबद्दल टीएने (प्राध्यापकांच्या शिक्षक-साहाय्यकाने) पाठवलेले मेल, कच्ची पानं, वहीतला सराव, टेक-होम (घरी नेऊन सोडवायचा) पेपर असेल तर फाइलच्या जुन्या आवृत्त्यांचा इतिहास. तारीख-वेळेनुसार लावा आणि वर एका पानाचा घटनाक्रम ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो तीन प्रश्नांना. व्हर्जिनियात दोषी ठरवताना कृत्य, जाणीव आणि गांभीर्य या तिन्ही गोष्टी बघतात: कृत्य घडलं का, ते गैर आहे हे तुम्हाला कळत होतं किंवा कळायला हवं होतं का, आणि ते दुर्लक्ष करण्याइतकं किरकोळ होतं का. आपली मुलं पहिल्या प्रश्नावरच अडून बसतात आणि खरी बाजू दुसऱ्यात असते. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवणं आपल्याकडे अभ्यासाचाच भाग. तिथे प्राध्यापकांनी परत गोळा केलेला गेल्या वर्षीचा पेपर वापरणं उल्लंघन ठरू शकतं. मात्र ‘आमच्याकडे चालतं’ एवढं बोलून भागत नाही. सूचनेत काय लिहिलं होतं आणि तुम्ही ते कसं समजलात, ते कागद दाखवून सांगता आलं पाहिजे.

केलं असेल तर? संशयाची कुणकुण लागण्याआधी स्वतःहून सांगणाऱ्याला व्हर्जिनियात वेगळी वाट आहे, पण नोटीस आल्यावर ती बंद होते. नोटिशीनंतर कबुली देण्याची सोय २०१३ मध्ये आली, तेव्हा मुदत सात दिवसांची होती. त्या काळात दोषी ठरलं की हकालपट्टी हीच एक शिक्षा. २०२२ मध्ये विद्यार्थ्यांनी मतदानाने ती दोन सत्रांच्या सक्तीच्या रजेवर आणली आणि २०२३ पासून प्रकरण पाहून वेगवेगळ्या शिक्षा देता येतात. माझ्या मते हा बदल फार उशिरा झाला. शिक्षा एकच आणि तीही टोकाची असली की तक्रार करणाराही कचरतो आणि निकाल देणाराही. तुमच्यासाठी मुद्दा एवढाच की सिनियरच्या वेळचे किस्से आता जुने झाले. कबुलीची आजची मुदत आणि अटी लेखी विचारून घ्या.

विचारायचं कुणाला? कमिटीकडेच प्रशिक्षित विद्यार्थी असतात, काही आधाराला, काही बाजू मांडायला. ती मदत संकोच न करता घ्या. बाहेरचा वकील बऱ्याच ठिकाणी सुनावणीत बोलू शकत नाही, सल्ला मात्र देऊ शकतो.

एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात निकालाआधीच जाऊन या. निलंबन झालं की पूर्णवेळ नोंदणी तुटते, सेव्हिसमधली (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीतली) नोंद बंद होऊ शकते आणि देश सोडावा लागतो. पाच महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर परतताना साधारणपणे नवा आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो दाखला) लागतो. शिक्षणकर्जाचा हप्ता कधी सुरू होतो, हेही बँकेला विचारून ठेवा.

घरी सांगा. तिथल्या गोपनीयतेच्या कायद्यामुळे विद्यापीठ सहसा आईबाबांना परस्पर कळवत नाही, म्हणजे ते काम तुमचंच. फक्त सुनावणीच्या आदल्या रात्री नको; तुमची झोप जाईल आणि त्यांचीही.

सुनावणीत प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. ऐकताना मान डोलावायची आपली खोड आवरा, समोरच्याला तो होकार वाटतो. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा, अंदाज ठोकू नका.

निकाल येईपर्यंत वर्ग आणि असाइनमेंट चालू ठेवा. विरोधात गेला तर अपिलाची मुदत त्याच दिवशी बघा. अपील बहुधा नव्या पुराव्यावर किंवा प्रक्रियेतल्या चुकीवर चालतं, म्हणून सुनावणीत कुठला कागद घेतला आणि कुठला नाकारला, हे तिथेच टिपून ठेवायला एक वही बरोबर न्या.