जुने माउंटी पिक्चर बघायचेत? सुरुवात अशी करा

कॅनडातल्या बर्फात लाल कोट घालून गुन्हेगाराच्या मागे जाणारे घोडेस्वार पोलीस म्हणजे माउंटी, आणि त्यांच्यावर हॉलिवूडने ढीगभर पिक्चर काढलेत. पहिला १९५२ चा 'द वाइल्ड नॉर्थ' लावा. माउंटी एका शिकाऱ्याला पकडायला रानात जातो आणि परत येताना लांडगे, हिमकडे कोसळणं यातून दोघांनाही एकमेकांना सांभाळत यावं लागतं. या पिक्चरांची खरी मजा यातच आहे, वेस्टर्नमधला, म्हणजे अमेरिकन काउबॉय पिक्चरमधला शेरिफ पिस्तूल काढतो पण माउंटीला माणूस जिवंत आणून कोर्टापुढे उभा करायचा असतो, त्यामुळे गोळीबारापेक्षा परतीच्या वाटेवर लक्ष ठेवा.

गाणी आवडत असतील तर १९३६ चा 'रोझ मेरी' बघा, जेनेट मॅकडोनल्ड आणि नेल्सन एडी आहेत, फक्त त्यातलं सुंदर तळं कॅनडातलं नाही, अमेरिकेतलं लेक टाहो आहे. लोकेशनवर नजर ठेवायची सवय लावाच. १९५४ च्या 'सस्कॅचवान'चं नाव कॅनडातल्या एका प्रांताचं, पण मागे जे डोंगर दिसतात ते शेजारच्या अल्बर्टा प्रांतातल्या बॅन्फचे आहेत.

दिग्दर्शक सेसिल डमिलचा १९४० चा 'नॉर्थ वेस्ट माउंटेड पोलिस' बघण्याआधी मात्र मेटीस (कॅनडातले मूळनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाचे लोक), त्यांचा नेता लुई रिएल आणि १८८५ चा त्यांचा उठाव याबद्दल थोडं वाचून घ्या, प्लीज. टेक्निकलर, म्हणजे त्या काळची रंगीत फिल्म, भारी आहे, गॅरी कूपर आहे, पण मेटीस लोक आपल्या जमिनीसाठी लढत होते आणि ती बाजू इथे नीट येत नाही, न वाचता बघितलं तर चुकीचंच डोक्यात बसतं.

पोलीस दल खरं आहे, १८७३ मध्ये उभं राहिलं आणि लाल कोटही खराच, पण कडाक्याच्या थंडीत ते फरचे जाड कोट घालायचे. पडद्यावर बर्फात लाल रंग उठून दिसतो म्हणून तोच दिसत राहतो.

'किंग ऑफ द रॉयल माउंटेड' ही १९४० ची १२ भागांची सिरियल आहे, ती सलग बघू नका, आधीच्या भागाचा शेवट पुढच्यात परत दाखवतात त्यामुळे कंटाळा येतो. दिवसाला एक भाग बास.

मूकपट चालत असतील तर १९१९ चा 'बॅक टू गॉड्स कंट्री' अजिबात सोडू नका. नेल शिपमन हीच त्याची लेखिका आणि नायिका, शूटिंग खरोखर अल्बर्टाच्या थंडीत झालं, आणि इथे माउंटीचा वेश घालून येतो तो खलनायक.