टेक्सासमधे नवीन आलात? स्टेट पार्क, पास आणि ते नऊ जणांचं कमिशन

ऑस्टिन, डॅलस, ह्यूस्टनला नवीन आलेली मंडळी पहिल्या दोनचार वीकएंडला एकच प्रश्न विचारतात, की इथे जवळपास डोंगर कुठे आहे, गाडी काढून जरा कुठेतरी चढून येऊ. मग मला सांगावं लागतं की बाबांनो, हे सह्याद्री नाहीये. तिकडे आपण पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी अंगणात गाडी लावतो, काकांना विचारतो वाट कुठली, आणि निघतो. इथे टेक्सासची साधारण ९५ टक्के जमीन खाजगी मालकीची आहे. हायवेवरून छान छान टेकड्या दिसतात, नदी दिसते, ओकची झाडं दिसतात, पण मधे तारेचं कुंपण आणि त्यापलीकडे कुणाचं तरी रँच.

याला इतिहास आहे. टेक्सास आधी स्वतंत्र देश होता आणि १८४५ मधे अमेरिकेत आला तेव्हा सरकारी पडीक जमीन त्याने वॉशिंग्टनला न देता स्वतःकडेच ठेवली, आणि पुढे ती रेल्वेला, शाळांच्या फंडासाठी, वसाहतवाल्यांना अशी वाटून विकून संपवली. त्यामुळे कॉलोराडो किंवा युटाहमधे जशी मैलोन् मैल फेडरल जमीन मोकळी असते तसं इथे काही नाही. तिकडून बदली होऊन आलेल्यांना तर हे पचतच नाही.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण ही कोणी सांगत नाही. झाडाच्या बुंध्यावर किंवा कुंपणाच्या खांबावर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा दिसला, साधारण वीतभर लांब आणि इंचभर रुंद, आपल्या कमरेच्या आसपासच्या उंचीला, तर तो कुणी गंमत म्हणून मारलेला नसतो. त्याचा कायदेशीर अर्थ 'आत यायचं नाही' असा आहे, पाटी असायची गरज नाही. १९९७ पासून हा कायदा आहे. पोरं फोटो काढायला म्हणून कुंपण ओलांडतात, ब्लूबॉनेटच्या, म्हणजे इथल्या निळ्या रानफुलांच्या, सीझनला तर हमखास, त्यांना आवरा.

तर मग जायचं कुठे, तर स्टेट पार्कमधे. आणि स्टेट पार्क काय देतात, कितीला देतात, नवीन जमीन घेतात की नाही, हे सगळं कोण ठरवतं हे एकदा समजून घेतलं ना की बाकी गोष्टींचा उलगडा होतो. पण आधी व्यवहाराचं बोलू, नाहीतर तुम्ही शनिवारी गेटवरून हात हलवत परत याल.

स्टेट पार्कचा वार्षिक पास ७० डॉलरचा आहे. एका पासवर गाडीतल्या सगळ्यांची एंट्री होते, म्हणजे आई-बाबा भारतातून आलेत आणि मिनीव्हॅन भरून चाललाय तर एकदोन फेऱ्यांत पैसे वसूल, कारण एरवी माणशी साधारण ३ ते ८ डॉलर लागतात (१२ वर्षांपर्यंतची मुलं फुकट). आता नवीन लोकांचा ठरलेला घोळ म्हणजे नॅशनल पार्कचा पास घेऊन स्टेट पार्कच्या गेटवर उभं राहणं. तो फेडरल पास इथे चालत नाही. बिग बेंड नॅशनल पार्क वेगळं आणि त्याला लागून असलेलं बिग बेंड रँच स्टेट पार्क वेगळं, दुसरं राज्याचं आहे आणि ३ लाख एकरांच्या वर आहे, टेक्सासमधलं सगळ्यात मोठं. कौंटीचे पार्क अजून तिसरे, आणि धरणांच्या काठचे आर्मी कोअरचे, म्हणजे फेडरल सैन्याच्या इंजिनिअर विभागाचे, पार्क चौथे.

पास असला म्हणजे आत सोडतीलच असंही नाही. डे पास ऑनलाइन ३० दिवस आधीपासून बुक करता येतो आणि चांगल्या पार्कांना तो करायचाच. एन्चँटेड रॉकला, म्हणजे फ्रेडरिक्सबर्गजवळचा तो गुलाबी ग्रॅनाइटचा घुमट, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या वीकएंडला सकाळीच फुल झालं म्हणून गेट बंद करतात, आणि मग गाडीत डबा, चटई, थर्मास घेऊन बसलेली कुटुंबं फ्रेडरिक्सबर्गच्या मेन स्ट्रीटवर पीच जॅम बघत फिरतात. कॅम्पिंगचं बुकिंग ५ महिने आधी उघडतं. थँक्सगिव्हिंगचं जूनमधे बघा, हे मी अतिशयोक्ती म्हणून सांगत नाहीये. सॅन अँटोनियोचं गव्हर्न्मेंट कॅनियन मंगळ-बुध-गुरु बंद असतं. आणि नोव्हेंबर ते जानेवारीत बरेच पार्क मधे मधे काही दिवस बंद असतात कारण तिथे शिकार चालू असते, हो, स्टेट पार्कमधे, लॉटरी काढून परवाने देतात, हरणांची संख्या आवाक्यात ठेवायला. पार्कच्या पानावर वर लाल अक्षरात सूचना असते ती वाचूनच निघा.

बिअर उघड्यावर चालत नाही, बार्बेक्यू चालतो पण बर्न बॅन, म्हणजे उघड्यावर आग पेटवायला बंदी, आहे का बघा. ह्यूस्टनच्या ब्राझोस बेंडला मगरींपासून ३० फूट लांब राहायचं, आजोबांना आधीच सांगून ठेवा. मासेमारीला एरवी लायसन लागतं पण स्टेट पार्कच्या काठावरून किंवा पिअरवरून गळ टाकला तर लागत नाही.

आता हे सगळे नियम येतात कुठून. टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ नावाचं डिपार्टमेंट आहे आणि त्याच्या डोक्यावर नऊ जणांचं कमिशन. नऊही जण गव्हर्नर नेमतो, सिनेट मंजुरी देते, मुदत ६ वर्षांची, पण सगळे एकदम बदलत नाहीत, दर दोन वर्षांनी तिघांची मुदत संपते. चेअरमन कोण हेही गव्हर्नरच ठरवतो. पगार नाही. त्यामुळे तिथे बसणारे बहुतेक पैसेवाले, रँचवाले, तेलवाले, मोठे देणगीदार. २०२३ मधे चेअरमन कोण होते माहितीये, बकीज् चे सहसंस्थापक, 'बीव्हर' ॲप्लिन. ज्याच्या पेट्रोल पंपावर तुम्ही आल्याआल्या टोपीतल्या त्या बीव्हरबरोबर फोटो काढलात तेच. मला विचाराल तर ही रचना फार लोकशाहीवाली वगैरे नाही, गव्हर्नरच्या मर्जीतले लोक असतात, पण कामकाज मात्र उघड चालतं आणि ते महत्त्वाचं आहे.

कमिशन काय करतं, तर डिपार्टमेंटचा एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर नेमतं, शिकार-मासेमारीचे नियम करतं, आणि राज्याने कुठली जमीन घ्यायची, द्यायची, बदलायची यावर मत टाकतं. पैसे मात्र विधिमंडळाच्या हातात. सुरुवात १९२३ ची, पॅट नेफ नावाच्या गव्हर्नरने स्टेट पार्क्स बोर्ड काढलं. त्याच्या आईने मरताना ६ एकर जमीन लोकांसाठी ठेवली होती, ती आज मदर नेफ स्टेट पार्क आहे. गंमत म्हणजे बोर्ड होतं पण पैसे नव्हते, जमीन दान मागत फिरायचे. पुढे तीसच्या दशकात मंदीच्या काळात फेडरल सरकारने बेकार तरुणांना कामाला लावून बॅस्ट्रॉप, गार्नर, पालो ड्युरो वगैरे उभे केले, तिथली दगडी बांधकामं अजून तशीच आहेत. १९६३ मधे पार्कवालं बोर्ड आणि शिकार-मासे बघणारं कमिशन एकत्र करून आत्ताचं डिपार्टमेंट झालं.

पैशाची गोष्ट पण ऐका कारण त्यात तुम्ही आहात. मुलाला क्रिकेटची बॅट नाहीतर सॉकरचे बूट घेता त्यावर सेल्स टॅक्स भरता ना, खेळाच्या सामानावरचा तो टॅक्स पार्कांसाठी म्हणून १९९३ पासून कागदावर होता, पण विधिमंडळ त्यातला मोठा हिस्सा दुसरीकडे वळवायचं आणि पार्कमधली संडासं तुंबलेली. २०१९ मधे लोकांनी मतदान करून ते घटनेतच घालून टाकलं, आता तो पैसा पार्क आणि ऐतिहासिक स्थळांनाच जातो. आणि नोव्हेंबर २०२३ मधे अजून एक मतदान झालं, नवीन पार्कांची जमीन घ्यायला १ बिलियन डॉलरचा फंड. टेक्सासमधे लोक टॅक्सच्या नावाने बोटं मोडतात पण यावर चारातल्या तिघांनी हो म्हटलं.

ते का म्हटलं याचं उत्तर फेअरफिल्ड लेकमधे आहे. डॅलस-ह्यूस्टन आय-४५ हायवेवर साधारण मधे हा पार्क होता, १८०० एकर, बास मासे पकडणाऱ्यांचं लाडकं ठिकाण. पण जमीन राज्याची नव्हतीच! वीज कंपनीने आपल्या कोळशाच्या प्लँटसाठी तलाव बांधला होता आणि बाजूची जमीन राज्याला सत्तरच्या दशकात फुकट लीजवर दिली होती. २०१८ मधे प्लँट बंद पडला, कंपनीने जमीन विकायला काढली, आणि अख्खं ५००० एकर तलावासकट एकदम विकायचं म्हणाली, फक्त पार्कचा तुकडा नाही. तेवढे पैसे राज्याकडे बाजूला काढलेले नव्हते. मधली वर्षं बोलण्यात गेली आणि डॅलसच्या एका डेव्हलपरने १०० मिलियनच्या वर मोजून जून २०२३ मधे सौदा पूर्ण केला, बंगले आणि गोल्फ कोर्स काढायचा बेत. लोकांना सामान आवरून बाहेर काढलं. त्यानंतर १० जूनला कमिशनची बैठक झाली आणि सगळ्यांनी एकमताने जमीन सक्तीने संपादन करायचा ठराव केला, जे या डिपार्टमेंटने कित्येक दशकांत केलं नव्हतं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. त्या बैठकीत दोन्ही बाजूंची माणसं बोलली, पार्क वाचवा म्हणणारे आणि खाजगी मालमत्तेला हात लावू नका म्हणणारे, आणि टेक्सासमधे दुसऱ्या बाजूचा आवाज कमी समजू नका. मग कोर्टाच्या प्रक्रियेत स्थानिक पॅनलने किंमत काढली ती ४०० मिलियनच्या पुढे. डिपार्टमेंटने नाद सोडला. आज तिथे गेट बंद आहे, आणि राज्याचे अजूनही काही पार्क दुसऱ्याच्या जमिनीवर आहेत, डॅलसचं आपलं सीडर हिलसुद्धा आर्मी कोअरकडून लीजवर, अर्थात ते सरकारीच असल्याने तिथे तसली भीती कमी.

उलट बाजू पण आहे. मार्च २०२४ मधे याच कमिशनने बोका चिका स्टेट पार्कची ४३ एकर जमीन स्पेसएक्सला देऊन बदल्यात दुसरीकडची ४७७ एकर घ्यायला मंजुरी दिली, लोकांकडून आलेल्या कॉमेंट्समधे विरोध जास्त असताना. पुढे त्याच वर्षी स्पेसएक्सनेच अंग काढून घेतलं. माझं मत, आकडा मोठा म्हणजे सौदा चांगला असं जमिनीत नसतं, समुद्रकाठची पक्ष्यांची जागा आणि आतली जमीन एका मापाने मोजता येत नाही, पण एकमताने पास झालं एवढं खरं.

मग कॉमेंट करून काय उपयोग, असं तुम्ही म्हणाल. कधी होतो. डोंगरी सिंहांच्या बाबतीत, म्हणजे माउंटन लायन, टेक्सासमधे जवळपास काहीच नियम नव्हते, सापळ्यात अडकलेला प्राणी कितीही दिवस तसाच पडून राहिला तरी कोणी विचारणारं नाही. २०२२ मधे काही नागरिकांनी कमिशनकडे अर्ज दिला, मग कमिटी बसली, आणि मे २०२४ मधे नियम झाला की सापळा ३६ तासांत तपासलाच पाहिजे आणि पिंजऱ्यातून सोडून शिकार बंद.

कमिशन वर्षातून चारपाच वेळा बसतं, बहुतेक ऑस्टिनला स्मिथ स्कूल रोडवरच्या हेडक्वार्टरमधे. आदल्या दिवशी वर्क सेशन, दुसऱ्या दिवशी ठराव. अजेंडा आधी ऑनलाइन लावतात, त्यावर लेखी कॉमेंट टाकता येते, प्रत्यक्ष जाऊन नाव नोंदवलं तर दोनतीन मिनिटं बोलताही येतं. ऑगस्टमधे एक खास सुनावणी असते ज्यात अजेंड्याबाहेरचं काहीही बोला, तुमच्या जवळच्या पार्कमधे व्हीलचेअरला वाट नाही इथपासून. एच-वन वर असलात, ग्रीन कार्ड नसलं तरी चालतं, कॉमेंट करायला सिटिझन असावं लागत नाही. मतदानाला मात्र लागतं, तेव्हा ड्रायव्हिंग लायसन काढताना मतदार नोंदणीचा प्रश्न आला तर सिटिझन नसाल तर सरळ 'नाही', चुकून टिक केलं तर पुढे इमिग्रेशनला फार महागात पडतं.

आणि आता ज्यांना चार वर्षांनी जमिनीचा किडा चावतो त्यांच्यासाठी, कारण आपल्या लोकांना तो चावतोच, दहा एकर घेऊ, आंबा नाही तर निदान शेवगा लावू वगैरे. जमीन बघताना शेतीचं व्हॅल्युएशन, म्हणजे टॅक्ससाठी जमिनीची किंमत शेतीच्या हिशेबाने धरणं, आहे का ते आधी विचारा, ते असलं तर प्रॉपर्टी टॅक्स अगदी किरकोळ बसतो. गाईगुरं पाळायची नसतील तर तेच व्हॅल्युएशन वन्यजीव व्यवस्थापनावर बदलून घेता येतं, सात ठरलेल्या कामांपैकी तीन करायची, पाण्याची सोय, घरटी, प्राण्यांची मोजणी अशी. डिपार्टमेंटचे बायॉलॉजिस्ट जमीनमालकांना फुकट सल्ला देतात, ही सोय आपल्या लोकांपैकी फार कमी जण वापरतात. पण मधेच प्लॉट पाडायला काढलेत तर मागच्या ३ वर्षांच्या टॅक्सचा फरक भरावा लागतो. शेजारच्या रँचवर काँझर्वेशन ईझमेंट असेल, म्हणजे मालकाने ही जमीन कधीही तोडून विकणार नाही, इमारती उठवणार नाही असं कायमचं लिहून दिलेलं असेल, तर समजा तुमचं नशीब फळफळलं, तिकडून सबडिव्हिजन येणार नाही. ते लिखाण कौंटी क्लार्कच्या रेकॉर्डला असतं. आणि जी जमीन तुम्ही घेताय तिच्यावरच ते आहे का हेही तिथेच कळतं, ते टायटल कंपनीच्या, म्हणजे मालकी हक्क तपासणाऱ्यांच्या, कागदात असतंच, पण सही करण्याआधी ते पान स्वतः वाचा, एजंट वाचून दाखवत नाही.