लेआउटला ना-हरकत देण्याआधी

आमच्या वर्धा जिल्ह्यात डांबरी रस्त्यालगतच्या वावरांत आता पऱ्हाटीपेक्षा (कपाशीपेक्षा) प्लॉटचे दगड जास्त दिसतात. प्लॉटवाला लेआउटचा, म्हणजे वावराचे प्लॉट पाडल्याचा, नकाशा घेऊन ग्रामपंचायतीत ना-हरकत मागायला आला की सगळे रस्त्याची रुंदी आणि मंदिराची जागा बघतात. माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कामात झाली, म्हणून सांगतो, आधी दोनच गोष्टी विचारा. मे महिन्यात पाणी कुठून येणार? आणि ऑगस्टात सांडपाणी कुठे जाणार?

हिशेब सगळ्या प्लॉटांवर घरं झाली असं धरूनच करा. समजा 120 प्लॉट, घरी पाच माणसं, म्हणजे 600 लोक. जलजीवन मिशनच्या माणशी 55 लिटरनं रोजचे 33,000 लिटर झाले. पण फ्लशचे संडास आणि गच्चीवर टाक्या आल्या की खर्च शहरासारखा होतो. माणशी 135 लिटर धरले तर 81,000.

आता बोर तपासा. ‘दोन इंच पाणी लागलं’ यावर जाऊ नका, पावसाळ्यानंतर सगळ्याच बोरना इंच लागतात. मेमध्ये मोटर सलग काही तास चालवा, मग 200 लिटरचा ड्रम भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघा. चार मिनिटं लागली तर तासाला 3,000 लिटर. 33,000 साठी अकरा तास हवेत, आणि मोटर शेतीच्या फिडरवर असेल तर वीज आठच तास. 81,000 चं नावच काढू नका, चोवीस तासांतही होत नाही. (बोर्डावर मात्र ‘मुबलक पाणी’!) बोर गावाच्या विहिरीपासून किती दूर आहे तेही टेप लावून मोजा. पेयजलाच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर-बोर घेण्यावर 1993 च्या भूजल कायद्यापासून बंधन आहे. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्या. यवतमाळ-चंद्रपूरकडे फ्लोराइड निघतं, ते चवीला कळत नाही आणि उकळूनही जात नाही.

सांडपाण्याचं काम मात्र खरं अवघड. वापरलेल्या पाण्यातलं सुमारे 80 टक्के परत बाहेर पडतं, म्हणजे 33,000 मधले 26,400 लिटर रोज. प्लॉटवाला म्हणतो, ‘घरोघरी शोषखड्डा करू.’ मुरमाड जागेत तो चालतो. काळ्या भुईत पहिल्याच पावसाळ्यात तुंबतो, कारण ही माती ओली झाली की फुगते आणि पाणी पुढे जाऊच देत नाही. चाचणी सोपी आहे. शोषखड्ड्याच्या खोलीवर फूटभर खड्डा घ्या, रात्रभर पाण्यानं भरलेला ठेवा आणि सकाळी एक इंच पाणी उतरायला किती वेळ लागतो ते बघा. तासापेक्षा जास्त लागला तर तिथं शोषखड्डा नको. रात्रभर भिजवणं चुकवू नका. उन्हाळ्यात भेगाळलेल्या जमिनीत पाणी भसाभसा जातं आणि चाचणी खोटी ठरते.

अशा ठिकाणी बंद पाइपची गटारलाइन, शेवटी गाळ बसायची टाकी आणि पुढे पाणी गाळून निघायला गिट्टीच्या वाफ्यात कर्दळ. यासाठी लेआउटमधली सर्वांत सखल जागा नकाशावरच राखून घ्या, बगीच्याच्या नावाखाली नको. नाल्याच्या वरच्या अंगाला लेआउट आणि खालच्या अंगाला गावाची विहीर असेल तर त्या नाल्यात थेंबही सोडू देऊ नका. संडासाच्या टाकीचा शोषखड्डा विहिरीपासून निदान 60 फूट हवा. खाली भेगांचा काळा पाषाण असेल तर तेवढंही कमीच. संडासाची टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते, तेव्हा गाडी टाकीपर्यंत जाईल एवढा रस्ता सोडायला लावा, आणि उपसलेला मैला कुठे टाकणार ते आधीच लिहून घ्या. नाहीतर तो रात्री नाल्यातच जातो.

हे सगळं ना-हरकतीच्या ठरावात अटी म्हणून घाला. प्लॉट विकले गेले की विकणारा परत दिसत नाही. गावच्या नळयोजनेची जोडणी देण्याआधी सांडपाण्याच्या टाकीचं निघणारं तोंड बंद करून ती काठोकाठ भरायला लावा, पातळीवर खडूची खूण करा आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बघा. पाणी खुणेखाली गेलं असेल तर टाकी गळते, जोडणी थांबवा.