जुना फ्रेंच नकाशा घेताय? आधी भिंग काढा

ऑनलाइन ‘सतराव्या शतकातला ओरिजिनल फ्रेंच नकाशा’ म्हणून लई काय काय विकतात, त्यामुळं पैसे पाठवायच्या आधी एवढं बघाच.

पहिलं म्हणजे सजावटीवर भाळू नका. फ्रेंच नकाशाशास्त्राचा बाप म्हणतात तो निकोला सान्साँ (१६००–१६६७), त्याचे नकाशे तसे साधेच दिसतात. देवदूत, फळाफुलांच्या माळा असलं नटवणं जास्त करून अलेक्सी झायोकडं, गडी मूळचा मूर्तिकार, त्यानं सान्साँचेच नकाशे मोठ्या आकारात परत कोरून १६८१ ला अॅटलास काढला. म्हणजे नाव सान्साँचं आणि नक्षी झायोची असली तरी लगेच खोटा म्हणू नका. उलट सान्साँच्या १६५२ च्या आशियाच्या पुस्तकातला नकाशा पोस्टरएवढा असेल तर तो नक्की आजचा प्रिंट, मूळ नकाशा लहान पुस्तकात मावेल एवढाच होता.

आता भिंग लावा. बारीक रंगीत ठिपके दिसले तर विषय संपला, आजची ऑफसेट छपाई आहे. खऱ्याची रेघ सलग काळी असते कारण तांब्याच्या पत्र्यावर कोरून, शाई भरून दाबायचे, त्या दाबानं चित्राभोवती कागदात चौकोनी खाच पडते, कडा कापली नसेल तर बोटाला लागते. मग कागद उजेडात धरा, चिंध्यांच्या लगद्याचा असतो, साच्याच्या तारांच्या रेघा दिसायला पाहिजेत. मागची बाजूपण बघा, तांब्यापासून केलेला हिरवा रंग कागद खातो, तिथं तपकिरी डाग उमटतात. हा डाग मला तरी फार आवडतो, विकणारा मात्र लपवतो.

रेखांशाचे आकडे मोबाइलशी जुळत नाहीत म्हणून घाबरू नका, १६३४ च्या राजाच्या हुकमानं फ्रेंच लोक कॅनरी बेटांतल्या फेरो बेटापासून मोजायचे. छापलेल्या सालावर पण फार जाऊ नका, त्याच कोरलेल्या तांब्याच्या पाट्या वर्षानुवर्षं वापरायचे.

घेतलाच तर फ्रेमवाल्याला अॅसिड-फ्री माउंट (काच आणि कागदामधला पुठ्ठा) सांगा, म्हणजे काच कागदाला चिकटत नाही. आपल्या कोल्हापुरात जून ते सप्टेंबर भिंतीला ओल येते, म्हणून पावसाची झड लागते त्या भिंतीवर नको, आतल्या भिंतीला लावा, ऊन पण नको. गणपतीनंतर एकदा उतरवून मागं कसर लागली का बघायचं. आणि फेव्हिकॉल, सेलोटेप, लॅमिनेशन यातलं काही सुचवलं तर नकाशा उचला आणि दुसरा फ्रेमवाला गाठा.