या चुका टाळा: कारखाना डिजिटल होताना इंजिनिअरिंग मॅनेजर कुठे अडखळतात

सेन्सर बसले, भिंतीवर मोठा डॅशबोर्ड लागला, तरी मशीन पूर्वीइतक्याच बंद पडतात. मग खापर फुटतं सॉफ्टवेअरवर. खरं तर आधी हे बघायला हवं: स्क्रीनवरचा आकडा कुठून आला आणि त्यावरून उद्या काय वेगळं करायचं, हे मॅनेजरला सांगता येतं का?

आकडा तयार होतो तिथे न जाणं

ही सगळ्यात महागडी चूक. मशीन थांबली की ऑपरेटरच्या टचस्क्रीनवर कारणांची यादी उघडते. हातात ग्लोव्ह्ज, लाइन अडकलेली, सुपरवायझर मागे उभा आणि यादीत ४० कारणं. बोट पहिल्या ओळीवर पडतं, नाहीतर ‘इतर’वर. महिनाअखेरीला अहवालात ‘इतर’ सगळ्यात वर येतं आणि मीटिंगमध्ये ऑपरेटरना शिस्त लावायची चर्चा होते. ऑपरेटरना बोलण्याआधी यादी कापा. त्यांच्यासोबत बसून, त्यांच्याच शब्दांत आठ-दहा कारणं ठरवा. पुढची एक अख्खी शिफ्ट लाइनवर उभं राहून स्वतः नोंदी ठेवा आणि सिस्टिमच्या नोंदींशी ताडून बघा.

ओईईचंही, म्हणजे मशीन एकूण किती परिणामकारक चालते त्या आकड्याचंही, तसंच. उपलब्धता ९० टक्के, वेग ९५, गुणवत्ता ९९. गुणाकार साधारण ८४.६. त्या एका आकड्यावरून तोटा नेमका कुठे होतोय ते दिसत नाही. त्यात एका लाइनवर टूल बदलण्याचा वेळ ‘नियोजित’ धरून हिशेबातून वगळला आणि दुसरीवर नाही, तर दोन्हींची तुलनाच फोल.

अलार्मचं गणित न मांडणं

समजा १००० बेअरिंग आहेत, त्यातली १० खरोखर खराब होत आहेत. सेन्सरच्या डेटावरून बिघाड ओळखणारं सॉफ्टवेअर, म्हणजे मॉडेल, खराब बेअरिंगपैकी ९० टक्के पकडतं, पण चांगल्यांपैकी ५ टक्क्यांवर उगाच ओरडतं. म्हणजे ९ खरे अलार्म आणि जवळपास ५० खोटे. मेंटेनन्सचा माणूस चार वेळा धडधाकट बेअरिंग उघडून आला की पाचव्यांदा जातच नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. हा हिशेब खरेदीआधी मांडता येणं हे मॅनेजरचं काम आहे. त्यासाठी डेटा सायंटिस्ट व्हावं लागत नाही. व्हेंडरकडे नुसती ‘अचूकता’ मागू नका, दर १०० अलार्मपैकी किती खरे निघतात ते विचारा.

आयटी आणि शॉप फ्लोअरला एकमेकांवर सोडणं

आयटीला अपडेट लगेच टाकायचा असतो. उत्पादनाला पीएलसीचं (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं) नेटवर्क क्षणभरही नको असतं तुटायला. दोघांचंही बरोबर असतं, म्हणून वेळ ठरवणारा माणूस मध्ये लागतो. तो मॅनेजर.

२०१९ मध्ये नॉर्स्क हायड्रो या अ‍ॅल्युमिनियम कंपनीवर रॅन्समवेअरचा (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा) हल्ला झाला, तेव्हा काही प्लांट हाताने चालवावे लागले. हाताने चालवता येणारी माणसं होती म्हणून ते जमलं. तुमच्याकडे पीएलसी प्रोग्रामचा ताजा बॅकअप नेटवर्कपासून वेगळा ठेवलेला आहे का, तो कधी लोड करून पाहिलाय का, छापील जॉब कार्ड (कामाच्या सूचनांचे कागद) कुठल्या कपाटात आहेत? या प्रश्नांना ‘बघून सांगतो’ असं उत्तर येत असेल, तर पुढचा सेन्सर घेण्याआधी हे काम हातात घ्या.