यूएसबी ड्रायव्हर लिहायला बसण्याआधी

लिनक्सवर एखाद्या यूएसबी उपकरणासाठी ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कोड) लिहायचं ठरलं की आपण लगेच एडिटर उघडतो. मीही बरीच वर्षं तेच करत आलो. आता क्रम बदलला आहे. उपकरण आणि संगणक एकमेकांशी काय बोलतायत ते मला दिसेल अशी सोय आधी, कोड नंतर. पुढची तयारी त्याच क्रमाने.

सगळ्यात आधी, कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, ड्रायव्हर खरंच हवा आहे का ते ठरवावं. 'एलएसयूएसबी' ही जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणारी आज्ञा विस्तृत पर्यायासह चालवून इंटरफेसचा (उपकरणातल्या एका कामाच्या भागाचा) क्लास, म्हणजे प्रकार, बघा. कीबोर्ड-माऊसचा ०३, साठवणुकीचा ०८, आवाजाचा ०१ असे प्रमाणित क्लास असतील तर कर्नलमध्ये ड्रायव्हर आधीच आहे; उपकरण थोडं वेडंवाकडं वागत असेल तर बहुधा एखादा 'क्वर्क', म्हणजे त्या उपकरणापुरता अपवाद, जोडून भागतं. क्लास एफएफ, म्हणजे निर्मात्याचा स्वतःचा, असेल तरी घाई नको. एकच प्रोग्रॅम त्या उपकरणाशी बोलणार असेल तर लिबयूएसबी ही लायब्ररी वापरून यूजर स्पेसमध्येच, म्हणजे कर्नलबाहेर, काम करावं. तिथे चूक झाली तर प्रोग्रॅम मरतो. कर्नलमध्ये झाली तर मशीनच अडकू शकतं. नेटवर्क कार्ड, सीरियल पोर्ट किंवा कॅमेरा म्हणून इतर प्रोग्रॅमना ते दिसायला हवं असेल, तर मात्र कर्नलला पर्याय नाही.

त्याच वेळी डिस्क्रिप्टरचं, म्हणजे उपकरण स्वतःबद्दल देतं त्या माहितीचं, सगळं आउटपुट फाईलमध्ये जपून ठेवावं. डिव्हाइस डिस्क्रिप्टर १८ बाइटचा, एंडपॉइंटचा (उपकरणातल्या डेटाच्या एका वाटेचा) बहुधा ७ बाइटचा; एवढ्याशा माहितीवर पुढचं सगळं उभं राहतं. प्रत्येक एंडपॉइंटचा प्रकार, दिशा आणि पॅकेटची कमाल लांबी कागदावर उतरवा. 'इन' आणि 'आउट' नेहमी होस्टच्या, म्हणजे संगणकाच्या, बाजूने मोजतात, उपकरणाच्या नाही. नवख्यांची पहिली चूक इथेच होते. मग 'एलएसयूएसबी' झाडाच्या रूपात चालवून खरा वेग बघा. ४८० मेगाबिटचं उपकरण १२ वर जोडलेलं दिसलं तर तो प्रश्न ड्रायव्हरचा नाही. काही मोडेम सुरुवातीला सीडी ड्राइव्ह म्हणून ओळख देतात आणि ठरावीक संदेश मिळाल्यावर रूप बदलतात. अशांच्या दोन्ही ओळखी नोंदवाव्यात.

टेबलावर काय हवं? रोजच्या कामाचं मशीन सोडून दुसरं एखादं मशीन, नाहीतर यूएसबी उपकरण आत सोपवता येईल असं व्हर्च्युअल मशीन. चालू कर्नलशी तंतोतंत जुळणारे हेडर, म्हणजे ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाईली. सिक्युअर बूट (सही नसलेला कोड अडवणारी व्यवस्था) चालू असेल तर मॉड्यूलवर, म्हणजे कर्नलमध्ये लोड होणाऱ्या ड्रायव्हरवर, सही करण्याची सोय. शक्य असल्यास केएएसएएन (मेमरीच्या चुका पकडणारं) आणि लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारं) ही साधनं चालू केलेला कर्नल. तो हळू चालतो, पण मोकळ्या केलेल्या मेमरीला कोणी हात लावला की जागच्या जागी सांगतो. कर्नल कोसळताना शेवटच्या ओळी वाचता याव्यात म्हणून सीरियल कन्सोल किंवा नेटकन्सोल. आणि दोन चांगल्या आखूड केबल, शिवाय स्वतःचा वीजपुरवठा असलेला हब. यूएसबी २.० चा पोर्ट उपकरणाला जास्तीत जास्त ५०० मिलिॲम्पिअर देण्यास बांधील असतो, आणि कॉन्फिगर होईपर्यंत तर १०० च.

केबलचं मी मुद्दाम सांगतोय. एकदा माझ्या लॉगमध्ये सारखा उणे ७१ हा त्रुटीचा आकडा येत होता. दोन दिवस मी कंप्लीशन फंक्शन (डेटाची देवाणघेवाण संपल्यावर बोलावलं जाणारं) उलटंपालटं करून पाहिलं. शेवटी लांब एक्स्टेंशन केबल काढली आणि त्रुटी गेली. उणे ७१ म्हणजे ईप्रोटो, तारेवरच्या संवादातच गडबड. तेव्हापासून हे आकडे मी भिंतीवर लावून ठेवले आहेत. उणे ३२, ईपाइप, म्हणजे एंडपॉइंटने स्टॉल दिला: उपकरणाला तुमची आज्ञा मान्य नाही, आणि बल्क (मोठ्या डेटाचा) किंवा इंटरप्ट (लहान, वेळच्या वेळी येणाऱ्या डेटाचा) एंडपॉइंट असेल तर हॉल्ट, म्हणजे त्याची थांबलेली अवस्था, काढावा लागतो. उणे ७५ म्हणजे मागितल्यापेक्षा जास्त डेटा आला. उणे ११० म्हणजे वेळेत उत्तर नाही. उणे १०८ म्हणजे उपकरण किंवा होस्ट कंट्रोलर बंद झाला. उणे २ दिसला तर घाबरू नका. यूआरबी (देवाणघेवाणीसाठी ड्रायव्हरने पाठवलेली विनंती) तुम्हीच मारलेला, म्हणजे रद्द केलेला, असतो.

या सगळ्यात सर्वांत मोलाचं साधन यूएसबीमॉन, म्हणजे यूएसबीवरचा संवाद टिपणारं कर्नलचं मॉड्यूल. मॉड्यूल लोड करा, डीबगएफएसमध्ये (कर्नलची आतली माहिती फाईलरूपात दाखवणाऱ्या जागेत) प्रत्येक बससाठी फाईल दिसेल. प्रत्येक नोंदीत 'एस' म्हणजे यूआरबी पाठवला, 'सी' म्हणजे परत आला. मजकूर रूपात डेटाचे पहिले ३२ बाइटच दिसतात, म्हणून लांब पॅकेटसाठी वायरशार्क या संवाद टिपणाऱ्या प्रोग्रॅममधून पकडावं. निर्मात्याचा ड्रायव्हर दुसऱ्याच ऑपरेटिंग सिस्टिमसाठी असेल तर ती सिस्टिम व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवा, उपकरण तिच्याकडे सोपवा आणि बाहेरच्या लिनक्सवरून संवाद टिपा. मात्र एका वेळी एकच कृती करावी: एक बटण, एक नोंद, फाईलला तेच नाव. दहा कृतींची एकत्र नोंद उलगडताना मी अख्खे दिवस घालवले आहेत.

आता कोड. कर्नलच्या मूळ स्रोतात 'यूएसबी-स्केलेटन' नावाचा नमुना आहे, तिथून सुरुवात करावी. ड्रायव्हर साधारणपणे इंटरफेसला जोडला जातो, अख्ख्या उपकरणाला नाही. एका उपकरणासाठी प्रोब (जोडणीच्या वेळचं फंक्शन) दोन-तीनदा का बोलावला गेला याचं उत्तर त्यात आहे. प्रोबमध्ये एंडपॉइंट आहेत का, हव्या त्या प्रकारचे आहेत का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण डिस्क्रिप्टर खोटे असू शकतात. डेटाचा बफर स्टॅकवर (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत) कधीच नको, केमॅलॉकनेच, म्हणजे कर्नलकडून मेमरी मागणाऱ्या फंक्शनने, घ्या. स्टॅकवरची मेमरी डीएमएसाठी, म्हणजे प्रोसेसरला वगळून थेट मेमरीत डेटा नेण्यासाठी, चालत नाही. कंप्लीशन फंक्शनमध्ये झोपता, म्हणजे थांबून वाट बघता, येत नाही, तिथली मेमरी जीएफपी ॲटॉमिकने, म्हणजे न थांबण्याच्या अटीवर, मागावी. पाठवायचा डेटा पॅकेटच्या कमाल लांबीच्या नेमक्या पटीत असेल तर काही उपकरणांना शेवटी रिकामं पॅकेट लागतं, नाहीतर ती वाट बघत बसतात. विचित्र लांबीलाच अडकणाऱ्या बिघाडात हे आधी तपासा.

सगळ्यात जास्त वेळ राखून ठेवावा तो डिस्कनेक्टसाठी. उपकरण उपटलं जाणं ही रोजची घटना आहे, अपवाद नाही. हबला ते कळेपर्यंतच्या क्षणांत यूआरबी उणे ७१ घेऊन परत येत राहतात. तुम्ही ते आंधळेपणाने पुन्हा पाठवले तर लॉग ओसंडून वाहतो. म्हणून सलग त्रुटी आल्या की थांबायचं. कोणी फाईल उघडी ठेवलेली असतानाच उपकरण गेलं तर त्या उपकरणाची माहिती ठेवणारी रचना मोकळी कधी करायची, हे केरेफने (ती किती जण वापरतायत ते मोजणाऱ्या कर्नलच्या सोयीने) मोजावं. ऑटोसस्पेंडला (रिकाम्या उपकरणाला आपोआप झोपवण्याला) पाठिंबा दिला असेल तर रिझ्यूमनंतर, म्हणजे ते जागं झाल्यावर, इंटरप्ट यूआरबी पुन्हा सुरू होतो का तेही बघा. संशय आला तर त्या उपकरणाच्या सिसएफएसमधल्या (कर्नलच्या सेटिंगच्या फाईलींमधल्या) पॉवर कंट्रोलमध्ये 'ऑन' लिहून, म्हणजे झोपणं बंद करून, तुलना करावी.

तपासणीसाठी उपकरण हातात नसलं तरी डमी एचसीडी (खोटा होस्ट कंट्रोलर) आणि गॅजेट (उपकरणाची बाजू साकारणारा कोड) यांच्या जोडीने एकाच मशीनवर खोटं उपकरण उभं करता येतं, आणि त्याच्याकडून मुद्दाम चुकीचे डिस्क्रिप्टर देववता येतात. खरं उपकरण हाती आलं की डेटा जोरात वाहत असताना केबल ओढा, लावा, पुन्हा ओढा. शंभर वेळा. सोबत 'डीमेसेज' (कर्नलचा लॉग दाखवणारी आज्ञा) चालू राहू द्या, आणि एकही इशारा आला नाही तरच पॅच (तुमचा कोडबदल) पाठवायला घ्या.